वकिलाच्या ब्रीफकेसमधली केस

लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "कोर्टात केस, मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) केसपेपर, हातात सुटकेस आणि इंग्रजी व्याकरणात पुन्हा केस. हे सगळं एकाच लॅटिन शब्दातून आलं का? आमचे एक सीनिअर सांगतात की लॅटिनमध्ये केस म्हणजे पेटी. खटल्याचे कागद पेटीत ठेवत, म्हणून खटल्यालाच केस म्हणू लागले. हे खरं आहे का? आणि मराठीत केससाठी नेमका कोणता शब्द वापरावा?"

मी गेली एकतीस वर्षं नागपुरात कोर्टाच्या आणि दवाखान्याच्या कागदांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. हा शब्द दिवसातून चाळीस वेळा तरी समोर येतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी सीनिअरांचं. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. इंग्रजीत केस हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, घराणी दोन. कोणताही बरा इंग्रजी शब्दकोश उघडा, केस १ आणि केस २ अशा दोन स्वतंत्र नोंदी दिसतील. खटल्याची, रुग्णाची आणि व्याकरणातली केस आली 'कासुस' या लॅटिन शब्दातून. त्याचा अर्थ 'पडणं'. सुटकेस, शोकेस, बुककेसमधली केस आली 'काप्सा' या शब्दातून, आणि तिचा अर्थ मात्र खरोखरच पेटी. सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या वकिलाच्या हातातली ब्रीफकेस ही काप्सा, आणि तिच्यात जी केस असते ती कासुस.

आता ही पडण्याची भानगड. लॅटिनमध्ये 'कादेरे' म्हणजे पडणे. त्यापासून 'कासुस' म्हणजे जे पडलं ते; आणि त्यावरून जे घडलं, जे वाट्याला आलं ते. फ्रेंचमध्ये त्याचं 'का' झालं, लिहिताना शेवटी एक मुका स. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालू लागली, आणि तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला. सुरुवातीला त्याचा अर्थ नुसता 'घडलेली गोष्ट' एवढाच होता. कोर्टापुढे येते तीही घडलेली गोष्टच, म्हणून ती केस. डॉक्टरपुढे येतो तो कुणाला तरी काही झालेला प्रसंग, म्हणून तीही केस.

'पडणं'चा अर्थ 'घडणं' कसा होतो, असा प्रश्न मराठी माणसाला पडायला नको. बघा, प्रश्नसुद्धा आपल्याला पडतोच. स्वप्न पडतं, दुष्काळ पडतो, फरक पडतो, कामात खंड पडतो, नको त्या माणसाशी गाठ पडते. बाका प्रसंग पडला की माणूस कामाला येतो का ते कळतं. आणि माणूस आजारी काय होतो? पडतो. मेडिकलच्या खिडकीवर रांगेत उभं राहून काढलेल्या केसपेपरवर जी केस आहे, ती म्हणजे हे आजारी पडणंच. रोमन माणसाने जे क्रियापद वापरलं, तेच आपल्या आजीने वापरलं, एकमेकांना न विचारता. जर्मनही तसेच. त्यांच्याकडे 'फाल' हा एकच शब्द पडण्यालाही चालतो, खटल्यालाही आणि व्याकरणातल्या विभक्तीलाही.

इंग्रजीत 'इन केस' म्हणतात ना, त्याचा सगळ्यात सरळ मराठी अनुवाद 'वेळ पडली तर' असा आहे. यात पडणंही शाबूत राहतं. आपल्याकडे वऱ्हाडी-नागपुरीत तर 'काम पडलं तं सांगजो' हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. तरी मशीनवर केलेल्या भाषांतरात 'इन केस ऑफ फायर'चं 'आगीच्या बाबतीत' होतं. एका इमारतीत लिफ्टशेजारी मी 'आगीच्या प्रकरणात जिना वापरा' अशी पाटी वाचली आहे. जणू आगीवर गुन्हा दाखल झाला आहे. 'आग लागल्यास' एवढं पुरे होतं.

व्याकरणातली केस मला सगळ्यात आवडते, म्हणून तिथे थोडा थांबतो. ग्रीक वैयाकरणांनी नामाच्या रूपाला 'प्टोसिस' म्हटलं, म्हणजे पडणं. नाम आपल्या मूळ रूपात ताठ उभं असतं आणि वाक्यात वेगवेगळ्या कामांना लागलं की वेगवेगळ्या बाजूंना कलतं, पडतं, अशी ती कल्पना. रोमनांनी त्या शब्दाचा शब्दशः अनुवाद केला तो कासुस, आणि इंग्रजांनी तोच केस म्हणून घेतला. गंमत पुढे आहे. 'प्टोसिस'चा ग्रीक धातू आणि संस्कृतातला 'पत्' हे एकाच आदिम धातूची लेकरं. पतति, प्राकृतात पडइ, मराठीत पडतो. म्हणजे प्टोसिस आणि आपलं पडणं हे रक्ताचे नातलग आहेत. लॅटिन कादेरेशी मात्र आपलं नातं फक्त विचारांचं, धातूचं नाही. डोळ्याच्या डॉक्टरांकडे पापणी खाली लोंबण्याच्या विकाराला टोसिस म्हणतात, तो हाच शब्द.

आपल्या परंपरेने दुसरी वाट धरली. 'विभक्ती'त 'भज्' धातू आहे, वाटणं, विभागणं. पाणिनीला नाम पडताना दिसलं नाही, विभागलं जाताना दिसलं. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा शब्द विभक्तीच ठेवला. तरी कलण्याची कल्पना मराठी व्याकरणात मागच्या दाराने आलीच. प्रत्यय लागण्याआधी 'घोडा'चं 'घोड्या' होतं, 'पाणी'चं 'पाण्या' होतं, ते आपलं सामान्यरूप. इंग्रजीत मराठीबद्दल लिहिणारे त्याला 'ऑब्लिक' म्हणतात, म्हणजे तिरपं. 'घोड्याला' म्हणताना आपला घोडा ग्रीकांच्या हिशोबाने किंचित कललेला असतो.

कायद्याच्या मुलांसाठी आणखी एक. 'ॲक्युझेटिव्ह केस' ऐकून आरोपीची आठवण येते, पण त्या विभक्तीचा आरोपाशी काही संबंध नाही. ग्रीक नावात 'ज्याच्यावर क्रियेचा परिणाम होतो ते' असा अर्थ होता. लॅटिनमध्ये नेताना तो शब्द 'आरोप करणे'शी गल्लत होऊन चुकीचा उतरला. दोन हजार वर्षं ती चूक जगभरच्या शाळांत शिकवली जाते आहे. भाषांतरकाराला याने जरा धीर येतो.

कादेरेचं गोत मोठं आहे. ॲक्सिडेंट, इन्सिडेंट, कोइन्सिडन्स, ऑकेजन, चान्स, डिके (सडणं, क्षय) हे सगळे त्याच घरचे. ज्या झाडांची पानं झडतात ती 'डेसिड्युअस', म्हणजे आपल्या ताडोब्याचं पानझडी जंगल. 'ऑक्सिडेंट' म्हणजे पश्चिम, जिथे सूर्य पडतो ती दिशा. आपणही मावळतीकडे म्हणतोच. मेडिकलची आणि मेयो रुग्णालयाची कॅज्युअल्टी त्यातलीच. ऑफिसातली कॅज्युअल लीव्हही त्यातलीच. सरकारी मराठीत तिला 'नैमित्तिक रजा' आणि 'किरकोळ रजा' असे दोन शब्द चालतात. मला पहिला बरा वाटतो. अचानक काही निमित्त येऊन पडलं म्हणून घेतलेली ती रजा, आणि निमित्त काही किरकोळच असेल असं नाही.

या गोतातला एक शब्द मात्र नागपूरकराने विसरू नये असा आहे: 'एस्चीट'. वारस न ठेवता कुणी मेलं की त्याची जमीन सरदाराकडे किंवा राजाकडे जाते, याला जुन्या इंग्रजी कायद्यात हे नाव. लॅटिन 'एक्स' आणि 'कादेरे' मिळून 'बाहेर पडलेलं', म्हणजे मालकाच्या हातून निसटून वरच्याच्या पदरात पडलेलं. अशी मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडात इतकी लबाडी केली, की त्या शब्दाचं शेपूट तोडून उरलेल्या 'चीट'चा अर्थच फसवणूक झाला. परीक्षेत चीटिंग करणारा पोरगा आणि बेवारस जमीन एकाच शब्दातून निघतात.

आता आपल्या नागपूरच्या महाल भागातली गोष्ट आठवा. तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी वारले, मागे औरस मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये संस्थान खालसा झालं. वाड्यातले हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात निघालं. कंपनीच्या कागदांत त्यासाठी शब्द होता 'लॅप्स'. हा वेगळ्या धातूतला, 'लाबी' म्हणजे घसरणे. 'कोलॅप्स'मध्ये तोच आहे. कंपनीच्या लेखी नागपूरचं राज्य कुणी घेतलं नव्हतं, ते आपोआप घसरून तिच्या ओटीत येऊन पडलं होतं. अशा वेळी कर्ता लपवणारं क्रियापद फार सोयीचं असतं. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 296 मध्ये एस्चीट आणि लॅप्स हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत, वाचून बघा. मराठी मसुद्यात मी एस्चीटला 'सरकारजमा' लिहितो. निदान कुणाच्या खात्यात जमा झालं ते त्यात दिसतं.

आता पेटी. ही बाजू सोपी आहे. लॅटिन 'कापेरे' म्हणजे धरणे, त्यापासून काप्सा, धरून ठेवणारी ती. रोममध्ये काप्सा म्हणजे मुख्यतः गोल डबा, त्यात गुंडाळलेले ग्रंथ उभे ठेवत. श्रीमंत घरचा मुलगा शाळेत निघाला की त्याची काप्सा घेऊन एक गुलाम मागून चालायचा, त्याला 'काप्सारियुस' म्हणत. सैन्यात मलमपट्टीची पेटी बाळगणाऱ्यालाही तेच नाव. म्हणजे रोमनांची काप्सा म्हणजे आपलं दप्तर. शाळेतल्या मुलाच्या पाठीवरचंही तेच आणि कोर्टातल्या कागदांचंही तेच. (दप्तर फारसीतून आलं, आणि त्याच्या मागे ग्रीक 'डिफ्थेरा' आहे, म्हणजे कमावलेलं कातडं. घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून त्या रोगाचं नाव डिफ्थेरिया. हे विषयांतर झालं, पण मला आवरलं नाही.)

काप्साची धाकटी रूपं म्हणजे कॅप्सूल आणि कॅसेट. ट्रकवाले ज्याला चेसी म्हणतात तो सांगाडा फ्रेंचमार्गे तिथूनच आला. 'कॅश'ही मूळची पेटी, पैसे ठेवायची. नंतर पेटीचं नाव आतल्या पैशाला लागलं. दक्षिणेत इंग्रज ज्या हलक्या नाण्याला कॅश म्हणायचे तो मात्र वेगळा शब्द, तमिळ 'कासु'. पोर्तुगीजांनी तो त्यांच्या भाषेतल्या पेटीच्या शब्दासारखा उच्चारला आणि इंग्रजीत दोघांची गाठ पडली. केसचंही असंच झालं: कासुस आणि काप्सा फ्रेंचमध्ये झिजत झिजत इंग्रजीत एका ठशाचे होऊन बसले.

अपरकेस आणि लोअरकेसमधली केस कोणती, हे मुलांना हमखास चुकतं. ती पेटीच. माझे एक काका महालातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. उतरत्या घोडीवर लाकडी खणांचा केस मांडलेला असे आणि काका न बघता त्यातून शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, उचलून ओळ जुळवत. इंग्रजी छापखान्यात असे दोन केस एकावर एक लावत. वरच्यात मोठी अक्षरं, खालच्यात छोटी. तिथून ती नावं पडली. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, पण जोडाक्षरं आणि मात्रा-वेलांट्यांमुळे खण इतके लागायचे की काका म्हणत, "इंग्रजीवाल्याचा संसार दोन खोल्यांचा, माझा वाड्याचा."

सीनिअरांच्या गोष्टीकडे परत येतो. ती का पटते? कारण वकिलाकडे खरोखर पेटी असते आणि पेटीत खरोखर कागद असतात. पण शब्दाची वंशावळ अशी डोळ्यांसमोरच्या चित्रावरून ठरत नाही. जुन्या लेखनात खटल्याची केस आधी 'घटना' या अर्थाने भेटते, पेटी म्हणून कधीच नाही. पेटीवाला शब्द इंग्रजीत आला तोही वेगळ्या फ्रेंच रूपातून, 'कास' आणि त्यात दोन स. अशा गोष्टी मराठीतही पिकतात. काप्सा आणि आपलं कपाट यांचा ध्वनी जुळतो म्हणून कुणी नातं लावायला आलं तर त्यालाही थांबवा. कपाट संस्कृतातलं आहे आणि तिथे त्याचा अर्थ दाराची फळी.

आणखी एक गल्लत तुमच्याच क्षेत्रातली. हायकोर्टाची 'कॉजलिस्ट', म्हणजे त्या दिवशी सुनावणीला असलेल्या प्रकरणांची यादी, केसशी जोडू नका. 'कॉज' लॅटिन 'काउसा'तून येतं, त्याचे अर्थ कारण आणि दावा. एक्सक्यूज आणि अक्यूज त्याचीच पोरं. फ्रेंचमध्ये झिजून काउसाचं 'शोज' झालं आणि अर्थ उरला नुसता 'वस्तू'. तरी नागपूर खंडपीठातल्या बाररूममध्ये कॉजलिस्ट कोण म्हणतं? "बोर्डावर कितवी आहे?" एवढंच विचारतात. आणि पक्षकार तर केसही म्हणत नाही, "पेशी आहे" म्हणतो. पुण्याकडचा माणूस तिथे "तारीख आहे" म्हणेल. आपल्या बोलीत ही पेशी मध्य प्रांताच्या हिंदी-मराठी कचेऱ्यांतून उतरली आहे. इथे 1936 पासून स्वतंत्र हायकोर्ट होतं, मुंबईचं खंडपीठ ते 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर झालं, आणि बोलीतली पेशी तशीच राहिली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एकच मराठी शब्द कोणता. एक नाहीच. दिवाणी असेल तर दावा, फौजदारी असेल तर खटला, कोणत्या बाजूचं हे सांगायचं नसेल किंवा अर्ज-अपिलांचा ढीग असेल तर प्रकरण. समन्स केस आणि वॉरंट केस हे खटलेच. दोन वर्षांपेक्षा जास्त कैदेची शिक्षा असू शकते तो गुन्हा वॉरंटमध्ये जातो, हे तुम्हाला शिकवलं असेलच. 'प्रकरण' वापरताना कान उघडे ठेवा, कारण बोलताना "त्यांचं प्रकरण आहे" म्हटलं की कोर्ट आठवत नाही. 'खटलं' तर आमच्या आजीच्या तोंडी बायकापोरांसकट अख्खा संसार: "मोठं खटलं आहे त्यांचं." 'कासुस ओमिसुस' ही संज्ञा वाचाल तेव्हा ती मुळाबरहुकूम घ्या: कायदा करताना ध्यानात न आल्यामुळे सुटून गेलेली परिस्थिती. तिथे 'वगळलेला खटला' लिहिलंत तर सगळा अर्थ जाईल. कायद्यात राहिलेली अशी फट कोर्टाने स्वतः शब्द घालून बुजवायची नसते, हे तत्त्व त्या दोन शब्दांत आहे. आणि 'केस प्रॉपर्टी'ला 'प्रकरणातील मालमत्ता' लिहू नका. कोणत्याही ठाण्यातल्या हवालदाराला विचारा, तो सांगेल: मुद्देमाल.

बोलताना सरळ केस म्हणा, त्यात कमीपणा नाही. केस टाकली, केस लढवली, केस लागली, ही क्रियापदं सगळी मराठी आहेत, शब्द केव्हाच आपला झाला. फक्त लेखी मजकुरात डोक्यावरचे केस आणि कोर्टातली केस एका वाक्यात आणू नका. "वादीचे केस गेले" आणि "वादीची केस गेली" यांत फक्त दोन मात्रांच्या जागी दोन वेलांट्या एवढाच फरक आहे. माझे स्वतःचे गेलेले असल्यामुळे मी हे जपून तपासतो.

मूळ कळल्याने भाषांतर आपोआप बरोबर येतं असंही समजू नका. नवा होतो तेव्हा एका फौजदारी अपिलाचं काम आलं. इंग्रजीत होतं की घटनास्थळी दोन 'एम्प्टी केसेस' मिळाल्या. मी नुकताच हा कासुस-काप्साचा भेद वाचून हुशार झालेलो. इथे काप्सा आहे हे ओळखलं आणि ऐटीत लिहिलं, 'दोन रिकाम्या पेट्या जप्त केल्या'. एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पेट्या कसल्या हो, संत्र्याच्या?" गोळीबाराचा गुन्हा होता. त्या केसेस म्हणजे काडतुसाच्या पुंगळ्या.